सेंटॉर, सायरिक्स आणि बाजारात न आलेल्या चिप्स: दावे तपासायचे कसे

तुमचा प्रश्न असा. एक्स-८६ (इंटेलच्या सूचनासंचावर चालणारे, नेहमीच्या पीसीतले) प्रोसेसर बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांवर तुम्ही लेख लिहिताय आणि दोन दावे पुन्हा पुन्हा समोर येताहेत. पहिला: सेंटॉर टेक्नॉलॉजी ही सायरिक्समधून फुटलेल्या इंजिनिअरांनी काढलेली कंपनी आणि 'व्हीआयए सायरिक्स थ्री' हा सायरिक्सचा शेवटचा प्रोसेसर. दुसरा: सेंटॉरकडे आठ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं सूचना चालवणारं एकक) प्रोसेसर तयार होता, पण २०२१ मध्ये इंटेलने कंपनी विकत घेऊन तो गाडून टाकला. आणि जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय, की कुणीतरी तुम्हाला 'कधीच बाजारात न आलेली' सायरिक्स थ्री चिप विकू पाहतंय.

आधी उत्तर देऊन टाकते. पहिला दावा चूक आहे, पण ही चूक का झाली ते समजण्यासारखं आहे. दुसऱ्यातला निम्मा भाग पक्का आहे, निम्मा बातम्यांच्या मथळ्यांनी घडवलाय. आणि त्या चिपचे पैसे अजून देऊ नका.

माझी बरीच वर्षं पोस्ट-सिलिकॉन व्हॅलिडेशनमध्ये गेली. फॅबमधून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, पहिल्या चिप्स परत आल्या की त्या बोर्डावर बसवायच्या, जिवंत आहेत का पाहायचं, आणि जिवंत असतील तर कुठे कुठे बिघडल्या आहेत ते शोधायचं, असं ते काम. त्या कामाने एक खोड लावली. कुणी 'चिप तयार आहे' म्हणालं की मी विचारते, तयार म्हणजे कुठवर? तुमच्या दोन्ही दाव्यांत घोळ आहे तो अशाच शब्दांचा. 'काढली', 'शेवटचा', 'तयार होता', 'विकत घेतली', 'गाडून टाकला'. यातल्या प्रत्येक क्रियापदाला वेगळा कागद लागतो. दावा अख्खा खरा की खोटा असं विचारलं तर कधीच उत्तर मिळत नाही. एकेक शब्द सुटा करून विचारलं की मिळतं.

कंपनीच्या जन्माचंच घ्या. कंपनी म्हणजे एक सलग वस्तू नसते. तिचं नाव असतं, कायदेशीर नोंदणी असते, तिथे काम करणारी माणसं असतात, त्यांनी केलेली डिझाइन्स असतात आणि पेटंट्स असतात. कंपनी विकली जाते तेव्हा ही पाचही एकाच दारातून एकाच घरी जातात असं नाही. चिपच्या धंद्यात तर ती सहसा पांगतातच.

सायरिक्स १९८८ मध्ये टेक्सस राज्यातल्या रिचर्डसनमध्ये सुरू झाली. जेरी रॉजर्स आणि टॉम ब्राइटमन हे तिचे संस्थापक, दोघेही आधी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधले. सुरुवातीचा माल म्हणजे गणिती कोप्रोसेसर (मुख्य प्रोसेसरला आकडेमोडीत मदत करणारी चिप), मग इंटेलच्या ४८६ च्या तोडीचे प्रोसेसर, मग ६एक्स८६ हा प्रोसेसर. स्वतःचा फॅब नव्हता, त्यामुळे चिप्स दुसऱ्यांकडून बनवून घ्यायच्या. त्या करारांचा भाग म्हणून बनवणाऱ्यांनाही त्या स्वतःच्या नावाने विकता यायच्या. म्हणून 'आयबीएम ६एक्स८६' अशी छाप असलेली चिप तुमच्या हातात आली तर ती आयबीएमच्या फॅबमध्ये बनलेली असली तरी डिझाइन सायरिक्सचंच. वरचं नाव आणि आतलं डिझाइन वेगळ्या घरचं असण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. १९९७ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरने सायरिक्स घेतली आणि १९९९ मध्ये सायरिक्सचा व्यवसाय व्हीआयए या तैवानच्या चिप कंपनीला विकला.

पण सगळा नाही, आणि इथेच बहुतेक लेख चुकतात. सायरिक्सच्या मीडियाजीएक्स या एकात्मिक प्रोसेसरची शाखा नॅशनलने स्वतःकडे ठेवली. तिचं नाव पुढे जिओड झालं, आणि ती २००३ मध्ये एएमडीकडे गेली. म्हणजे 'सायरिक्सचं पुढे काय झालं' या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. नाव व्हीआयएकडे गेलं, एक जिवंत डिझाइन-वंश एएमडीकडे. एवढ्यावरही थांबत नाही. एएमडीने नंतर 'जिओड एनएक्स' नावाने विकलेला प्रोसेसर मीडियाजीएक्सच्या वंशातला नव्हताच, तो एएमडीच्याच ॲथलॉन प्रोसेसरचा कमी वीज खाणारा अवतार होता. नावाचा धागा धरून वंशावळ काढली की असं होतं. कुळनाव कुणालाही लावता येतं.

आता सेंटॉर. ही १९९५ मध्ये ऑस्टिनमध्ये सुरू झाली. ग्लेन हेन्री हे तिचे प्रमुख, आयबीएममध्ये दीर्घकाळ काम करून मग डेलमध्ये गेलेले. पैसा आयडीटीचा, म्हणजे इंटिग्रेटेड डिव्हाइस टेक्नॉलॉजी या चिप कंपनीचा. सेंटॉर तिची उपकंपनी होती. १९९७ मध्ये त्यांचा पहिला प्रोसेसर, विनचिप, बाजारात आला. मूळ विचार सायरिक्सच्या बरोबर उलटा होता. गुंतागुंत टाळायची, लहान डाय (चिपचा सिलिकॉनचा तुकडा), कमी वीज, कमी किंमत. १९९९ मध्ये आयडीटीने सेंटॉर विकली, तीही व्हीआयएलाच.

घोळाचं मूळ दिसलं ना? दोन्ही कंपन्या टेक्ससच्या, दोन्ही एकाच वर्षी एकाच गिऱ्हाइकाने घेतल्या. त्यात व्हीआयएने तेल ओतलं. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांनी 'व्हीआयए सायरिक्स थ्री' जाहीर केला तेव्हा आतला कोअर 'जोशुआ' होता, सायरिक्सच्या चमूने केलेला. काही महिन्यांनी त्याच नावाची चिप दुकानात आली तेव्हा आत 'सॅम्युअल' होता, सेंटॉरचा. पुढे २००१ मध्ये नावही बदलून सी-थ्री केलं. म्हणजे ज्याला लोक सायरिक्सचा शेवटचा प्रोसेसर म्हणतात त्यात सायरिक्सचं होतं ते फक्त नाव. आणि सायरिक्सचा खरा शेवटचा प्रयत्न, जोशुआ, नमुन्यांपलीकडे गेला नाही. हे कळलं की तुमचा पहिला दावा उलटा फिरतो: सेंटॉर सायरिक्समधून निघाली नाही, सेंटॉरचं डिझाइन सायरिक्सच्या नावाखाली विकलं गेलं.

हे मी सांगते म्हणून लिहू नका. कागद कुठे मिळतील ते सांगते.

अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे वार्षिक अहवाल द्यावा लागतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनचे अहवाल एडगर या सार्वजनिक संग्रहात फुकट वाचता येतात. सायरिक्स, नॅशनल आणि आयडीटी तिन्ही नोंदलेल्या होत्या, त्यामुळे उपकंपनी कोणाची, कधी घेतली, कधी विकली, हे त्यांनीच लिहून दिलेलं आहे. अहवालातला जाहिरातीसारखा भाग सोडून द्या. 'जोखीम', 'खटले' आणि आर्थिक पत्रकांखालच्या टिपा वाचा. तिथे खोटं लिहिणं महागात पडतं, म्हणून तिथली वाक्यं रुक्ष असतात आणि म्हणूनच कामाची असतात.

दुसरा कागद म्हणजे पेटंट. लोक पेटंट वाचतात ते त्यात काय शोध लावलाय म्हणून. मी आधी पहिलं पान पाहते: शोधक कोण, कुठल्या गावचे, अर्ज कधीचा आणि हक्क कोणाकडे. ग्लेन हेन्री यांच्या नावावरची पेटंट्स वर्षवार लावली तर हक्कदाराच्या रकान्यात आधी आयडीटी दिसते, मग 'आयपी-फर्स्ट' नावाची संस्था, मग व्हीआयए. हे 'आयपी-फर्स्ट' नाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती एखादी तिसरीच कंपनी वाटली होती, आणि एका टिपणात मी तसं लिहूनही टाकलं होतं. शोधक तेच, गाव तेच, फक्त मालकीचं खोकं वेगळं. पेटंट हा माणसांचा माग काढायला उत्तम पुरावा आहे. उत्पादन अस्तित्वात होतं याचा मात्र तो पुरावा नाही. न बनवलेल्या गोष्टींची पेटंट्स ढिगाने असतात.

तिसरा कागद त्या काळची व्यावसायिक पत्रकारिता. मायक्रोप्रोसेसर रिपोर्ट किंवा ईई टाइम्ससारख्या नियतकालिकांतल्या बातम्या, त्याच महिन्यातल्या. वीस वर्षांनी लिहिलेली आठवण आणि त्याच आठवड्यात लिहिलेली बातमी यात तफावत आली तर तारखांसाठी मी बातमीवर विश्वास ठेवते, कारणांसाठी कुणावरच नाही.

मौखिक इतिहासाचं काय, असं तुम्ही विचाराल. माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने चिप इंजिनिअरांच्या लांबलचक मुलाखती जपून ठेवल्यात आणि त्या सोन्यासारख्या आहेत. पण त्या वाचायच्या त्या वातावरणासाठी, मतभेदांसाठी, कोण कुणावर चिडलं होतं यासाठी. 'संस्थापक' हा शब्द मुलाखतींत फार सैल वापरला जातो. इंटेलचंच बघा. १९६८ च्या जुलैत रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी ती काढली, आणि पहिले काही दिवस तिचं नाव एनएम इलेक्ट्रॉनिक्स होतं. अँडी ग्रोव्ह यांना हमखास तिसरा संस्थापक म्हटलं जातं. ते पहिल्या दिवसापासून होते, कंपनी त्यांनीच मोठी केली असंही कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, पण ते नोकरीवर घेतलेले होते. इंटेलसारख्या जगभर गाजलेल्या कंपनीबाबत ही ढिलाई, तर सेंटॉरबाबत काय होत असेल!

आणखी एक युक्ती, जी कुठल्याही दाव्याला चालते. तो दावा करणारे सगळे लेख तारखेप्रमाणे मांडा. सर्वांत जुना शोधा. नंतरच्यांनी स्वतंत्र पुरावा दिला नसेल तर ते पन्नास असोत की पाचशे, मोजायचे एकच. नक्कल ओळखायला चुका कामी येतात. एकाच नावाचं एकसारखं चुकीचं स्पेलिंग, एकच चुकीचं वर्ष, एकच अडखळणारं वाक्य. बरोबर माहिती दोघांना स्वतंत्रपणे मिळू शकते, तीच चूक दोघांना स्वतंत्रपणे सहसा सुचत नाही.

आता न आलेले प्रोसेसर. इथे मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण 'अनरिलीज्ड' या एका शब्दाखाली लोक अगदी वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात.

प्रोसेसर जन्माला येतो तो पायरीपायरीने. आधी एक कोडनेम आणि रोडमॅपवरची एक चौकट. मग आर्किटेक्चर आणि सिम्युलेटर. मग प्रत्यक्ष लॉजिक डिझाइन. मग टेप-आउट, म्हणजे मास्क बनवायला फॅबकडे अंतिम आराखडा जाणं. मग पहिलं सिलिकॉन, जे बहुधा अर्धवट चालतं. मग दुरुस्त्या आणि नवी स्टेपिंग्ज (चिपच्या सुधारित आवृत्त्या), मग भागीदारांना दिलेले इंजिनिअरिंग सॅम्पल, मग उत्पादन, मग विक्री. 'रद्द झाला' हे यातल्या कुठल्याही पायरीवर होऊ शकतं, आणि प्रत्येक पायरी मागे वेगळ्या जातीचा पुरावा सोडते. म्हणून प्रश्न 'अस्तित्वात होता का' असा नसतोच. 'कुठल्या पायरीपर्यंतचा पुरावा आहे' असा असतो.

एएमडीचा के-१२ घ्या. २०१४ च्या मे महिन्यात कंपनीने स्वतः जाहीर केला, एआरएम या सूचनासंचावर आधारलेला स्वतःचा कोअर म्हणून. तो कधी विक्रीला आला नाही. कंपनीने जाहीर केलं होतं, एवढं तुम्ही निर्धास्त लिहू शकता. त्याचा वेग किती होता यावर रंगवलेली वाक्यं कुठे दिसली तर तिथेच पुस्तक मिटा.

अल्फा ईव्ही८ ची गोष्ट वेगळी. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सुरू झालेलं हे डिझाइन कॉम्पॅककडे गेलं, आणि जून २००१ मध्ये कॉम्पॅकने अल्फा ही प्रोसेसरमालिका सोडून इंटेलच्या इटॅनियमकडे वळत असल्याचं जाहीर केल्यावर संपलं. पण २००२ च्या संगणक आर्किटेक्चरच्या मुख्य परिषदेत त्याच्या ब्रांच प्रेडिक्टरवर (प्रोग्रॅम पुढे कुठल्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधणाऱ्या भागावर) सविस्तर शोधनिबंध आला. त्यासाठी ३५२ किलोबिट मेमरी ठेवली होती, हेही त्यात आहे. रद्द झाल्यानंतर वर्षभराने! चमूने केलेलं काम निदान कागदावर राहावं म्हणून धडपड केली असावी, असा माझा अंदाज. तर ईव्ही८ चं डिझाइन खोलवर झालं होतं याला पुरावा भक्कम आहे. पण त्या निबंधातले आकडे सिम्युलेशनचे आहेत. ते 'ईव्ही८ ने मिळवलेला वेग' म्हणून छापले तर घोटाळा होतो.

याच्या शेजारी सन मायक्रोसिस्टिम्सचा रॉक ठेवून पाहा. तोही विकला गेला नाही. मात्र २००९ मध्ये सनच्याच संशोधकांनी त्याच्या ट्रान्झॅक्शनल मेमरीवर (मेमरीतले अनेक बदल एकदमच किंवा अजिबात नाही, असे करण्याच्या सोयीवर) निबंध लिहिला, आणि त्यातली मोजमापं प्रत्यक्ष चिपवर घेतलेली आहेत. दोन्ही रद्द, दोघांवर उत्तम निबंध, पण एक सिलिकॉनपर्यंत पोचल्याचं सिद्ध होतं आणि दुसरा त्याच्या अलीकडे. निबंध वाचताना मी सरळ 'प्रयोगाची पद्धत' या भागावर उडी मारते. सिम्युलेटरचं नाव दिसतं की यंत्राचं, यावर सगळं ठरतं.

न विकलेल्या चिपचा सर्वांत भक्कम पुरावा कधीकधी कोर्टातून येतो. १९७१ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएक्स १७९५ हा आठ बिटचा प्रोसेसर एकाच चिपवर बनवला होता, ज्या संगणक कंपनीसाठी बनवला तिने नाकारला आणि तो तसाच राहिला. त्याच गिऱ्हाइकासाठी सुरू झालेला इंटेलचा ८००८ मात्र १९७२ मध्ये बाजारात आला आणि पुढचा इतिहास त्याचा झाला. पण टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने पेटंट घेतलं होतं, आणि पेटंटवर भांडणं झाली. त्या भांडणात फोर-फेज सिस्टिम्सची १९६९ ची एएल-१ चिप बसवून कोर्टात चालता संगणक दाखवण्यापर्यंत मजल गेली. पैशाचं भांडण असलं की माणसं जुने कागद जपून ठेवतात. तुमच्या विषयात खटला झाला असेल तर आधी तो शोधा.

कोडनेमवरून काही ठरवू नका, हेही सांगते. इंटेलचा 'तेजस' २००४ च्या मेमध्ये रद्द झाला. हे नाव पाहून तो भारतीय चमूचा प्रकल्प असणार असं मला एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. टेक्सस हे नाव ज्या शब्दावरून आलं त्याचं स्पॅनिश स्पेलिंगही हेच आहे, आणि त्याचा उच्चार 'तेहास' होतो. दोन्हींपैकी कुठलाही तर्क पुरावा नव्हे.

आता तुमचा दुसरा दावा या जिन्यावर चढवू. सेंटॉरच्या या प्रकल्पात तीन नावं आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात: कोअरचं नाव सीएनएस, अख्ख्या चिपचं सीएचए, आणि आतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोप्रोसेसरचं एनकोअर. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने स्वतः जाहीर केलं: आठ कोअर, १६ मेगाबाइटचा तिसऱ्या पातळीचा कॅश (चिपवरची छोटी, वेगवान मेमरी), डीडीआर-४ मेमरीचे चार चॅनल, टीएसएमसी या तैवानच्या फॅब कंपनीची १६ नॅनोमीटर प्रक्रिया, डाय दोनशे चौरस मिलिमीटरच्या आत. त्याच सुमारास एमएल-पर्फ या सामाईक चाचणीत त्यांचे आकडे 'प्रिव्ह्यू' गटात आले, जो गट तेव्हा अजून विक्रीला नसलेल्या यंत्रांसाठी असतो. २०२० मध्ये हेन्री आणि सहकाऱ्यांचा निबंध मोठ्या परिषदेत आला. पुढे काही नमुने स्वतंत्र परीक्षकांच्या हाती लागले आणि त्यांनी कोअरचं वर्तन मोजून प्रसिद्ध केलं.

म्हणजे सिलिकॉन होतं, चालत होतं, बाहेरच्यांनीही चालवलं. हा भाग रॉकच्याही वरच्या पायरीवर बसतो. 'तयार होता' असं मात्र मी लिहिणार नाही. चालणारी चिप आणि विकता येणारी चिप यांच्यामध्ये निदान एक वर्षाचं काम असतं. बायॉस, बोर्ड, उष्णतेच्या चाचण्या, चुकांची यादी, ग्राहकाकडची पडताळणी. आमच्या खोलीत 'चालतंय' हा शब्द उच्चारला की वरिष्ठ विचारायचे, 'किती तास?' 'चालणारे नमुने होते, विक्री झाली नाही' हे वाक्य पुरेसं आहे आणि खरं आहे.

मग 'इंटेलने विकत घेतली'. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हीआयएने तैवानच्या शेअर बाजाराला दिलेल्या निवेदनात होतं ते असं, की इंटेल सेंटॉरच्या काही कर्मचाऱ्यांना आपल्याकडे घेणार आणि त्याबदल्यात साडेबारा कोटी डॉलर देणार. कंपनी विकली असं त्यात नाही. मथळ्यांनी 'काही कर्मचारी' गाळले आणि 'विकत घेतली' जोडलं. माणसं, कंपनी, डिझाइन आणि पेटंट ही वेगवेगळ्या दारी जातात असं मी वर म्हटलं, ते हेच. त्याआधी २०२० मध्ये व्हीआयएने प्रोसेसरशी संबंधित काही बौद्धिक संपदा झाओशिनला, म्हणजे व्हीआयए आणि शांघायच्या पालिकेने २०१३ मध्ये भागीदारीत काढलेल्या कंपनीला, विकल्याचंही जाहीर केलं होतं. तेव्हा 'सेंटॉरचं काय झालं' याला एका वाक्यात उत्तर देणारा लेख बहुधा चुकलेला असतो.

राहिलं 'गाडून टाकला'. हे हेतूबद्दलचं विधान आहे. हेतूचा कागद सहसा नसतो, किंवा असला तर तीस वर्षांनी कुणाच्या मुलाखतीत निघतो. कॉम्पॅकने अल्फाबाबत कारण जाहीरपणे सांगितलं म्हणून तिथे लिहिता येतं. इथे क्रम लिहा: २०१९ ला चिप जाहीर, २०२१ ला माणसं गेली, चिप आली नाही. शेवटच्या दोन गोष्टींमध्ये 'म्हणून' घालू नका.

आता ती विकाऊ चिप. विकणारा म्हणतो जोशुआ आहे. जोशुआचे नमुने खरोखर संग्राहकांकडे आहेत, त्यामुळे दावा अशक्य नाही. पण दुकानात विकल्या गेलेल्या सॅम्युअलवरही 'व्हीआयए सायरिक्स थ्री' असंच छापलेलं आहे. त्यामुळे वरच्या छापील नावाला इथे शून्य किंमत.

छाप तशीही घासून काढता येते. हे फक्त फुटकळ विक्रेते करतात असं समजू नका. २००३ मध्ये शांघायच्या जिआओ टोंग विद्यापीठात चेन जिन यांनी 'हानशिन' ही स्वदेशी डीएसपी (ध्वनीसारख्या सिग्नलांवर प्रक्रिया करणारी) चिप म्हणून गाजावाजाने सादर केली, तज्ज्ञ समितीने मान डोलावली, सरकारी निधी आला. २००६ मध्ये उघड झालं की दाखवलेली चिप मोटोरोलाची होती, वरची अक्षरं खरवडून नवी घातलेली. समितीने चिपला हात लावून मोजलं असतं तर तीन वर्षं गेली नसती.

म्हणून मोजायचं. पहिली पायरी सीपीयूआयडी ही सूचना, तिला प्रोसेसर बारा अक्षरांत उत्पादकाचं नाव सांगतो. इंटेलचं 'जेन्युइनइंटेल', सायरिक्सचं 'सायरिक्सइनस्टेड', सेंटॉरचं 'सेंटॉरहॉल्स'. (सायरिक्सच्या चमूत कुणीतरी विनोदी होतं, 'त्यांच्याऐवजी सायरिक्स' असा तो अर्थ.) तुमच्या चिपने 'सेंटॉरहॉल्स' सांगितलं तर ती जोशुआ नाही, विषय संपला. उलट उत्तर आलं म्हणून मात्र विषय संपत नाही. आभासी यंत्रात ही अक्षरं हवी ती घालता येतात, आणि सेंटॉरच्याच नंतरच्या नॅनो प्रोसेसरमध्ये ती बदलायची सोय चिपमध्येच होती. २००८ मध्ये एका परीक्षकाने नॅनोला 'जेन्युइनइंटेल' म्हणवून घेतलं तर एका चाचणी-प्रोग्रॅमने त्याला जास्त गुण दिले होते. त्यामुळे केवळ स्क्रीनचा फोटो किंवा गुणांच्या यादीतली नोंद पुरावा म्हणून घेऊ नका.

खोटं बोलता येत नाही ते कॅशबद्दल. सॅम्युअलमध्ये पहिला कॅश १२८ किलोबाइट, त्यातला निम्मा डेटासाठी आणि निम्मा सूचनांसाठी, आणि दुसरा कॅश नाहीच. जोशुआमध्ये पहिला ६४ किलोबाइटचा एकत्र आणि चिपवरच २५६ किलोबाइटचा दुसरा. मेमरीचा वाढता तुकडा घेऊन त्यात उलटसुलट उड्या मारत वाचायचा आणि दर वाचनाला किती वेळ लागतो त्याचा आलेख काढायचा, एवढा छोटा प्रोग्रॅम पुरतो. दोन्हींचा आलेख ६४ च्या आसपास पहिल्यांदा वर चढेल, त्याने फसू नका. सॅम्युअलचा तिथून थेट मेमरीच्या वेगाला जाईल. जोशुआचा मध्ये एका पायरीवर थांबेल आणि मग चढेल. मदरबोर्डवर वेगळा कॅश नसल्याची खात्री आधी करा. सॉकेट ३७० च्या बोर्डांवर तो सहसा नसतो.

चिप चालतच नाही असं विकणाऱ्याने म्हटलं तर आणखी सावध व्हा. मी एकदा 'रद्द झालेल्या प्रोसेसरचा नमुना' म्हणून चांगली किंमत मोजून एक चिप घेतली होती. कोरीव अक्षरं, गोपनीयतेची सूचना, सगळं जागच्या जागी. घरी मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून ग्राउंडपासून सिग्नलच्या पिनांवर फिरवला. खऱ्या चिपमध्ये प्रत्येक पिनमागे संरक्षक डायोड असतात, त्यामुळे अर्ध्या-पाऊण व्होल्टचा आकडा यायला हवा. एकाही पिनवर काही आलं नाही. आत डायच नव्हती. सॉकेट आणि हीटसिंक नीट बसतात का हे पाहायला जे रिकामे पॅकेज बनवतात, त्यातलं ते एक होतं, मेकॅनिकल सॅम्पल. दुसरा एक प्रकार असतो थर्मल सॅम्पलचा, त्यात प्रोसेसरऐवजी नुसती तापणारी डाय असते आणि मोजक्याच पिना जोडलेल्या असतात. हे दोन्ही प्रकार खोटे नाहीत, कंपनीनेच बनवलेले असतात आणि संग्राहकाला प्रिय असू शकतात. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की पॅकेजचं काम सुरू झालं होतं. त्यावरून 'प्रोसेसर तयार होता' म्हणणं म्हणजे पत्रिका छापली म्हणून लग्न झालं म्हणण्यासारखं आहे.

तर विकणाऱ्याकडे इतकं मागा: दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो, म्हणजे घासलेला पृष्ठभाग दिसतो, बोर्ड सुरू होतानाचा सलग व्हिडिओ, ज्यात चिप सॉकेटमध्ये बसवताना दिसेल, आणि वर सांगितलेल्या कॅश-चाचणीचा आलेख. प्रोग्रॅम तुम्ही द्या, त्याचा नको. हे तीन मिळाले आणि आलेखात ती मधली पायरी दिसली, तर तुमच्याआधी मीच घेईन.